खेळाडूंच्या पावडरचा डबा: पुढचं चित्र सोडा, मागचा तक्ता वाचा

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरातल्या एका रविवारी पहाटे साडेचारला मी शिवाजी पार्कहून मरीन ड्राइव्हच्या दिशेने धावायला निघाले. जानेवारीत पहिली अर्धमॅरेथॉन होती. कमरेच्या पट्ट्यात अर्ध्या लिटरची बाटली होती आणि तिच्यात खेळाडूंच्या पेयाच्या नव्या डब्यातली पावडर, दोन स्कूप. डब्यावर एकच स्कूप लिहिलं होतं, पण विकणाऱ्याने सांगितलं होतं की लांब पल्ल्याला दुप्पट घाला, ताकद टिकते. हाजीअलीला पोट डब्ब झालं. पेडर रोडचा चढ संपेपर्यंत मळमळ सुरू झाली आणि गिरगाव चौपाटीवर प्यायलेलं सगळं बाहेर आलं. टॅक्सीने घरी परतले आणि त्या दिवशी पहिल्यांदा डबा फिरवून मागचा पोषणमूल्यांचा तक्ता वाचला.

आमच्या धावण्याच्या गटात दर जूनमध्ये नवी मंडळी येतात आणि तोच प्रश्न विचारतात: ताई, कुठली पावडर घेऊ? मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही, म्हणून कुठल्याही डब्याचं नाव सांगत नाही. तक्ता कसा वाचायचा ते मात्र सांगते. त्यात तीनच आकडे बघायचे असतात: साखर किती, सोडियम किती आणि हे सगळं किती पाण्यात.

हाताशी काय हवं

- स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा
- माप छापलेली अर्ध्या किंवा एक लिटरची बाटली
- माणसाचं वजन करायचा काटा, शक्यतो १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा
- वही, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर
- रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर अलीकडचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी. हे घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरात पोटॅशियम साठतं आणि यातल्या बऱ्याच पावडरींमध्ये पोटॅशियम असतं.
- खरेदीचं बिल आणि डब्यावरच्या बॅच क्रमांकाचा फोटो. तो कशाला, ते आठव्या पायरीत येईल.

१. आधी ठरवा, पावडर लागते का

पाऊण तास ते तासाभराचा साधा सराव असेल, आदल्या रात्री नीट जेवला असाल, तर पाणी पुरतं. पार्काच्या कट्ट्याभोवती चार फेऱ्या मारून साखरेचं पाणी पिण्यात काही हशील नाही. एक ग्रॅम साखर म्हणजे चार कॅलरी. अर्ध्या लिटरच्या एका बाटलीतून सव्वाशेच्या आसपास कॅलरी सहज पोटात जातात. वजन उतरवायला म्हणून चालायला येणारी माणसं असा डबा घेतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

सराव तासाच्या वर गेला, किंवा दिवसाला दोन-तीन सामने असले, की गोष्ट बदलते. स्नायूंमधला साखरेचा साठा उतरू लागतो आणि घामातून मीठ जातं. मुंबईत हे दुसरं जास्त जाणवतं. हवेत इतका दमटपणा असतो की घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. शरीर थंड होतं ते घाम सुकल्याने, ओघळल्याने नाही. त्यामुळे शरीर आणखी घाम काढत राहतं.

२. आपल्या घामाचा हिशोब काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमकी हीच पुढच्या सगळ्याचा पाया आहे. सरावाआधी लघवीला जाऊन या, कमीत कमी कपड्यांत वजन करा. सरावात प्यायलेलं पाणी मोजा. परत आल्यावर अंग कोरडं पुसून, तेवढ्याच कपड्यांत पुन्हा वजन करा. मध्ये लघवीला गेला असाल तर हिशोब चुकतो.

माझ्या वहीतलं एक पान: निघताना ६२.४ किलो, परतल्यावर ६१.६. घट ८०० ग्रॅम. वाटेत प्यायले ४०० मिली. एकूण घाम १.२ लिटर, ७५ मिनिटांत. म्हणजे तासाला जवळजवळ एक लिटर. हाच आकडा जानेवारीच्या थंड पहाटे बराच खाली येतो. म्हणून निदान दोन वेगळ्या हवामानांत मोजा.

हा सगळा घाम जसाच्या तसा भरून काढायचा नसतो. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत ठेवणं हे साधं सूत्र. ६० किलोच्या माणसासाठी ती मर्यादा १.२ किलो. परतल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त पीत आहात. हा धोका हलका समजू नका. लांब पल्ल्यात भरमसाट पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं आहेत आणि पाण्याच्या कमतरतेची समजून लोक त्या माणसाला आणखी पाणी पाजतात. अशा वेळी पाणी थांबवून थेट वैद्यकीय मदत घ्यायची. खेळाडूंचं पेय प्यायलं म्हणून हा धोका टळत नाही, कारण त्यातलं मीठही घाम आणि रक्ताच्या मानाने पातळच असतं.

काळा टी-शर्ट घालून धावा. वाळल्यावर पाठीवर पांढरे पट्टे उमटले, घाम डोळ्यांत चुरचुरला, तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे असं समजायला हरकत नाही. माणसामाणसात हा फरक तिप्पट-चौपटही असू शकतो.

३. तक्त्यातले आकडे एका लिटरवर आणा

तक्ता बहुधा १०० ग्रॅम पावडरीचा असतो, शेजारी एका वाढपाचा, म्हणजे एका वेळी घ्यायच्या मापाचा. कंपनीगणिक वाढप वेगळं, पाणी वेगळं. त्यामुळे दोन डबे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. दोन्ही एका लिटरवर आणले की कळतं.

समजा, १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं (म्हणजे साखर आणि पिष्ट मिळून) ९० ग्रॅम आणि सोडियम ६५० मिलिग्रॅम. वापर: ३५ ग्रॅम पावडर, ५०० मिली पाणी. मग एका बाटलीत कर्बोदकं ३१.५ ग्रॅम आणि सोडियम साधारण २२७ मिलिग्रॅम. दुप्पट करा: लिटरमागे ६३ ग्रॅम आणि ४५५ मिलिग्रॅम. म्हणजे पेय ६.३ टक्के गोड झालं.

आता पट्टी लक्षात ठेवा. धावताना पिण्याजोगं पेय साधारण ६ ते ८ टक्के असतं, म्हणजे लिटरला ६० ते ८० ग्रॅम. सोडियम लिटरला ४०० ते ७०० मिलिग्रॅम असलं तर तासाच्या पुढच्या सरावाला ते कामाचं. माझ्या त्या रविवारच्या बाटलीत दोन स्कूपमुळे १२ टक्क्यांच्या वर गोडी होती. इतकं दाट पाणी पोटातून लवकर पुढे सरकत नाही. आतडी ते पातळ करायला शरीरातलंच पाणी ओढून घेतात. हाजीअलीला मला झालं ते हेच.

कधी तक्त्यात सोडियमऐवजी मीठ लिहिलेलं असतं. एक ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम धरा.

टक्केवारीच्या रकान्याकडे मी बघत नाही. तो दिवसाला २,००० कॅलरी आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम धरून काढलेला असतो. दोन तास घाम गाळणाऱ्याचा त्यात विचार नाही. मात्र धावत नसलेल्या दिवशी हेच पेय पीत असाल तर तो रकाना तुमच्यासाठीच आहे.

४. पावडर कुठल्या जातीची ते ओळखा

धोबी तलावच्या खेळाच्या दुकानांत आणि नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात या सगळ्या एकाच फळीवर उभ्या असतात. कामं मात्र निरनिराळी.

*निव्वळ ग्लुकोज.* उन्हाळ्यात घरोघरी येणारा डबा. जवळजवळ सगळीच साखर, साध्या प्रकारात सोडियम नावालाही नसतं. तरतरी येते, मीठ भरून निघत नाही.

*खेळाडूंचं पेय.* साखर आणि मीठ दोन्ही. वरचं उदाहरण याच जातीचं. या प्रकाराची सुरुवात १९६५ साली अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात झाली. तिथल्या फुटबॉल संघाची मुलं उकाड्यात गळून जायची, म्हणून डॉ. रॉबर्ट केड आणि सहकाऱ्यांनी पाणी, साखर, मीठ आणि लिंबाचा रस यांचं मिश्रण केलं. तेच पुढे गेटोरेड. मूळ कल्पना आपल्या लिंबू सरबतापासून फार दूर नाही.

*फक्त क्षार.* फसफसणाऱ्या गोळ्या किंवा छोट्या पुड्या. सोडियम असतं, साखर जवळपास नाही. ज्यांना घाम खूप येतो पण खाणं वेगळं सोबत असतं, खजूर, चिक्की, केळं, त्यांना हे सोयीचं. यातलीही काही फार पातळ असतात. लिटरचा हिशोब इथेही करा.

*ओआरएस.* इथे सगळ्यात जास्त गोंधळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरमध्ये मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम. सोडियम १,७२५ मिलिग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे खेळाच्या पेयाच्या साधारण अडीच ते चौपट, आणि साखर पाचव्या हिश्श्याच्या आसपास. हे जुलाबातलं औषध आहे. धावताना ऊर्जा म्हणून ते पुरत नाही. याच्या उलट, गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस ही अक्षरं छापून विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) सूत्रात न बसणाऱ्या पेयांना हा शब्द वापरायला मनाई केली. घरात जुनी खोकी असतील तर जुलाब झालेल्या मुलाला ती देऊ नका.

*दाट कर्बोदकं आणि प्रथिनं.* पहिली अडीच-तीन तासांच्या वरच्या पल्ल्यासाठी, दुसरी सराव संपल्यावर. धावताना प्रथिनांचा शेक पिऊ नका, पोटात नुसता दगड होतो.

५. घटकांची यादी वाचा

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, सगळ्यात जास्त जे ते पहिलं. साखरेला इथे बरीच नावं सापडतील: सुक्रोज म्हणजे घरातली साखर, डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज म्हणजे फळांतली. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र नीट ओळखून ठेवा. ते पिष्टापासून बनतं, जेमतेम गोड लागतं आणि तक्त्यात साखरेत धरलं जात नाही, म्हणून डब्यावर साखर नाही असं लिहिता येतं. पण रक्तात ते ग्लुकोजइतक्याच झपाट्याने साखर चढवतं. पळणाऱ्याला हे चालतं. मधुमेह असलेल्याने पुढची अक्षरं वाचून विश्वास टाकू नये. तक्त्यात एकूण कर्बोदकांचा आकडा बघावा.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असणं लांब पल्ल्याला बरं. आतडी तासाला साधारण ६० ग्रॅमच ग्लुकोज आत घेऊ शकतात. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने जातं, म्हणून दोन्ही मिळून पोट सवयीचं झाल्यावर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. पण एकट्या फ्रुक्टोजचा भरणा असेल तर पोट बिघडतं.

जीवनसत्त्वांच्या लांबलचक यादीला भुलू नका. सी किंवा बी जीवनसत्त्वाने पुढचा किलोमीटर सोपा होत नाही. ती रोजच्या जेवणातून येऊ देत. मॅग्नेशियमचंही तसंच. पायात गोळे येतात ते क्षार कमी पडले म्हणूनच, असंही नाही. आवाक्याबाहेर थकलेला स्नायू हे फार मोठं कारण आहे. कॅफीन असेल तर किती मिलिग्रॅम ते स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि घटकांची नावं देऊन प्रमाण लपवणारं, खास मिश्रण म्हणून एकच आकडा देणारं काहीही असेल तर डबा परत फळीवर ठेवा.

६. काट्यावर तोलून मिसळा

डब्यातलं स्कूप एकदा तरी काट्यावर तोला. पावडर हलकी भरली तर वजन कमी, दाबून भरली तर जास्त. माझ्या डब्यातलं ३५ ग्रॅमचं स्कूप दाबून भरल्यावर ४३ ग्रॅम भरलं. पावसाळ्यात तर पावडर ओल धरते, गुठळ्या होतात आणि स्कूपचा भरवसाच उरत नाही. जून ते सप्टेंबर मी मोठा डबा घेतच नाही, पुड्या घेते. डबा असलाच तर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि आत ओला चमचा घालू नका.

आधी पाणी, मग पावडर, मग हलवणं. कालवलेलं पेय तासन्‌तास बाहेर ठेवू नका. गोड पाणी आणि आपला उकाडा, नासायला वेळ लागत नाही. घरी आल्याबरोबर बाटली, झाकण आणि चोखायची नळी गरम पाण्याने धुवा. रात्रभर पिशवीत राहिलेल्या बाटलीतून दोघा जणांची पोटं बिघडलेली मी पाहिली आहेत.

पेयं आंबट आणि गोड असल्याने दातांनाही त्रास होतो. मधून मधून साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा.

७. स्पर्धेच्या निदान महिनाभर आधी पिऊन बघा

दर पंधरा-वीस मिनिटांनी १५० ते २०० मिली, एवढ्याने सुरुवात करा आणि घामाच्या हिशोबाप्रमाणे कमीजास्त करा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे दीड-दोन तासांच्या पल्ल्याचं लक्ष्य. वरच्या पेयाचे अर्धा लिटर तासाभरात प्यायलात तर ३१ ग्रॅम मिळाले. जास्त हवं असेल तर पेय दाट करण्यापेक्षा सोबत केळं किंवा खजूर घ्या.

पोटालाही सराव लागतो. पहिल्या रविवारी डचमळलं म्हणून लगेच डबा बदलू नका. निम्मं प्या, पुढच्या रविवारी थोडं वाढवा. तिसऱ्या-चौथ्या वेळीही त्रास झाला तर ती पावडर तुमची नाही.

स्पर्धेत आयोजक वाटेवर कुठलं पेय देणार आहेत ते आधी माहिती काढा आणि त्याचाच सराव करा, किंवा आपलं बरोबर न्या. टेबलावर मिळालं म्हणून नवीन काहीही पिऊ नका. जेल, म्हणजे पुडीतलं दाट गोड चाटण, घेतलात तर त्यावर साधं पाणी. जेलवर गोड पेय म्हणजे पुन्हा माझीच चौपाटी.

८. परवाना, बॅच आणि उत्तेजक चाचणी

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक डब्यावर असायलाच हवा. फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर तो तपासता येतो. पण त्यावरून बनवणारा नोंदणीकृत आहे एवढंच कळतं. या डब्यात काय आहे याची ती हमी नव्हे.

जिल्हा, राज्य किंवा त्याच्या वर खेळणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांनी इथे थांबून वाचा. माझा भाचा प्रभादेवीत कबड्डी खेळतो, त्यामुळे हे मला जवळून ठाऊक आहे. मैदानावर कोणी दादा सुटी पावडर कागदात बांधून देतो आणि पोरं घेतात. उत्तेजकविरोधी नियमात शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते; ते चुकून गेलं, डब्यावर लिहिलं नव्हतं, याने खेळाडू आपोआप सुटत नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपले काही खेळाडू मिथाइलहेक्झानामाइन या उत्तेजकाच्या चाचणीत अडकले होते. हाच पदार्थ घटकांच्या यादीत डीएमएए किंवा जिरेनियमचा अर्क अशा नावांनी येतो. साध्या साखर-मिठाच्या पेयात असलं काही असण्याचं कारण नाही. सरावाआधी घ्यायच्या, झिणझिण्या आणणाऱ्या पावडरींमध्ये धोका जास्त.

म्हणून सुटी पावडर घेऊ नका. सील स्वतः तोडा. इन्फॉर्म्ड स्पोर्टसारखी, बॅचवार तपासणी करणारी खूण असलेलीच पावडर घ्या आणि तुमचा बॅच क्रमांक त्यांच्या यादीत आहे का ते बघा. बिल, फोटो आणि डब्यातली दोन चमचे पावडर हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. बंदी असलेल्या पदार्थांची यादी दर १ जानेवारीला नव्याने लागू होते, त्यामुळे गेल्या वर्षीचं उत्तर यंदा चालेलच असं नाही.

९. घरचं पेय

पावडर न घेताही काम भागतं, आणि माझे बहुतेक रविवार आता यावरच जातात. एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ, एका लिंबाचा रस. ६ टक्के गोडी आणि साधारण ५९० मिलिग्रॅम सोडियम. साखर आणि मीठ काट्यावर मोजा. दीड ग्रॅम म्हणजे लहान चमच्याचा जेमतेम पाव भाग आणि अंदाज इथेच फसतो. हलका काटा दीड ग्रॅम नीट दाखवत नसेल तर सहा ग्रॅम तोलून त्याचे चार सारखे भाग करा.

सैंधव घातलं तरी चालेल, पण त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. रक्तदाबासाठी ते निराळं नाही. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ इथे उपयोगाचं नाही, त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. शहाळ्याचं पाणी पोटॅशियमला उत्तम, सोडियमला अपुरं. धावून आल्यावर प्यायला मला ते फार आवडतं, सोबत मिठाचं काहीतरी खाते.

कोकम घालायचं असेल तर आगळ नको, त्यात मीठ आधीच असतं आणि बाटलीगणिक बदलतं. सात-आठ आमसुलं रात्री थोड्या पाण्यात भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळा, चाखून बघा. आमसुलं मीठ लावून वाळवलेली निघाली तर वरचं मीठ निम्म्यावर आणा.